फोटोत सगळे डावीकडे बघत होते

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच प्रश्न विचारत आले — किती घेतली होतीस रे? अमावास्या, लिंबू, उतारा... लालबागच्या चाळीत वाढूनही यातलं काही मला कधी चिकटलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि घरी सांगायला कोणी नाही.

मी फोटोग्राफर आहे. लग्नं-मुंजी करत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटला, सोशल मीडियाला लागतात ते ऑफिसमधले फोटो काढते. आई गेली, मग चाळ पाडली, आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर एकटी राहते. शेजारी कोण आहे, देवाशप्पथ माहीत नाही. सकाळी चहा ढोसायचा, बॅग उचलायची आणि निघायचं.

गेल्या मार्चमध्ये लोअर परळच्या एका कंपनीचं काम आलं. आवडलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. ऑफिस जुन्या मिलच्या आवारात आहे, हो... पण थांबा, ही गिरणी कामगाराच्या भुताची गोष्ट नाही. ऑफिस चकाचक, वेळ सकाळी अकराची.

कामाच्या जागी चांगले फोटो हवे असतील तर टेबलावरचे चार्जर, डबे, बाटल्या उचलायच्या, माणसाला खिडकीच्या उजेडात घ्यायचं आणि 'स्माइल' अजिबात म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस आधार कार्डावरच्यासारखा दिसायला लागतो. एरवी एकेकाला मोकळं करता करता माझा घाम निघतो. त्या दिवशी मात्र जो येईल तो हसतोय! अकाउंट्सचे परब — रिटायरमेंटला आलेले, चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा — तेसुद्धा दात दाखवून हसले. मी खूश. म्हटलं, बाई, हात बसला तुझा.

घरी लॅपटॉपवर फोटो लावले आणि लक्षात आलं... सगळे डावीकडे बघत होते. सगळे म्हणजे सगळे. काढताना वाटलं होतं, लाजून नजर चुकवतायत. पण नजर एकाच ठिकाणी होती, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे. तिथे टीव्ही नव्हता, आरसा नव्हता, नुसती मोकळी जागा.

मार्केटिंगच्या रोहनचा फोन आलाच. "ताई, फोटो कमाल आहेत, पण हे सगळे बघतायत कुठे? पेजवर आय कॉन्टॅक्ट पाहिजे. रीशूट करावं लागेल."

रीशूटला मी चिडूनच गेले. पहिली आली रिसेप्शनची रिया. उभी राहिली आणि बघायला लागली डावीकडे. पुढचा आला, तेच. परबांच्या वेळी माझं डोकंच सटकलं. "अहो परब, माझ्याकडे बघा ना! तिकडे काय आहे? तिकडे कोणी नाहीये!" अख्ख्या फ्लोअरला ऐकू गेलं असेल.

परब दचकले. पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि मग गपचूप कॅमेऱ्यात. त्यानंतर सगळे सरळ बघायला लागले. हसलं मात्र कोणीच नाही.

चहाच्या वेळी परब जवळ आले.

"मॅडम, रागवू नका. पण त्या मावशींना सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं."

"कुठल्या मावशी?"

"त्या ओ... तुमच्याबरोबर येतात त्या. एवढासा चेहरा झाला त्यांचा. पिशवी उचलली नि गेल्या."

चेष्टा म्हणावी तर परब आणि चेष्टा! विचारलं, कशा होत्या?

"बुटक्याशा, केस पिकलेले. आमची मालवणी बोलतात. मागच्या वेळी मला म्हणाल्या, 'ह्या चेडवान सकाळपासून काय खावक नाय. बेगीन हसा आणि सोडा तेका.' 'पोरीला लवकर सोडा' म्हणे, म्हणून तर हसू आलं मला."

त्या दिवशी मी खरंच उपाशी होते. कोणाला बोलले नव्हते... बोलणार कोणाला? आणि हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर चाललेलं, मला एक शब्द ऐकू आला नाही. रियाला विचारलं. ती गुजराती. म्हणाली, "आंटी काय बोलल्या ते मला नाही समजलं. पण तुमच्याकडे हात करून बोलत होत्या, माझी मम्मी बोलते ना, तशा."

लिफ्टपर्यंत धावत गेले. वॉचमन म्हणाला, इथून कोणी गेलं नाही. परत येऊन मोबाइलमधला आईचा फोटो परबांसमोर धरला. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं — असू दे भूत, पण आई असू दे. परबांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं.

"नाय ओ. ह्या नाय."

दुसऱ्या दिवशी घरातले होते नव्हते तेवढे फोटो नेऊन दाखवले. आजी, मावशी, चाळीतल्या काकू... त्यातली एकही नाही.

रोहनला नवे फोटो आवडले, वर्षाचं काम मिळालं. आता कुठेही शूट असलं की मी सकाळी मुद्दाम काही खात नाही. येडेपणा आहे, कळतं मला. कोणी इकडेतिकडे बघितलं तरी ओरडत नाही. पण आता सगळे सरळ कॅमेऱ्यातच बघतात.

ती कोण होती, कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही कळत असेल तर जरूर सांगा. आई असती तर दोन दिवस रुसून परत आली असती. ही तर परकी बाई. तिला काय पडली होती मी जेवले की नाही याची? आणि आता तिला कोणी आणि कुठे जाऊन सांगायचं, की बाई गं, ते मी तुला म्हटलं नव्हतं.