सुतळीमावशीचं माप

बाई इतकी बारीक होती की कारखान्यात तिला सगळे सुतळी म्हणत. तोंडावर सुतळीमावशी, पाठीमागे नुसतीच सुतळी. कारखाना म्हणजे धुराडं वगैरे काही नव्हे. टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली, पाच शिलाई मशीन, कापडं बेतायचं एक मोठं टेबल आणि खिडकीतून दिसणारं बसचं आगार. शाळांचे, दवाखान्यांचे, बेकऱ्यांचे गणवेश तिथं शिवले जात. मावशी तिथं एकतीस वर्षं कॉलर आणि बाह्या लावत होती. तेवढ्या काळात तिच्या मागून आलेल्या मुली लग्नं करून, बाळंतपणं आटोपून, चांगल्या ऐसपैस होऊन परत कामावर आल्या. मावशीची कंबर अठ्ठावीसच्या पुढे सरकली नाही. जरा वारा सुटला की कोणीतरी ओरडे, "मावशीला धरा गं, उडेल!" तीही हसे. एकट्या बाईला एवढंसुद्धा कोणी म्हणत असेल तर ते गोडच लागतं.

म्हणून ती पहिल्यांदा भरली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. "आता कुठे माणसात आलात मावशी," असं काजं करणारी म्हणाली. ही काजवाली तिशीची, तोंडाळ आणि मनाने साफ. दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "कुठल्या चक्कीचं पीठ खाता हो?" चौथ्या महिन्यात म्हणाली, "मावशी, आता पुरे." कौतुकाची थट्टा आणि थट्टेचा टोमणा व्हायला एवढाच वेळ लागतो.

औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर एकावन्न किलोचे सत्तावन्न झाले तेव्हा मावशीने मनावर घेतलं. ती मनावर घेणाऱ्यातली होती. साखर बंद, तळलेलं बंद, भात बंद. तेल चमच्याने मोजून. सकाळी कामाआधी शाळेच्या मैदानाला सहा फेऱ्या. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीपर्यंत दोनदा चढ-उतार, कारण एकदा तर सगळेच चढतात. खोलीत पंख्याखाली उभं राहून हात वर, हात खाली, असे पन्नास. दीड महिन्याने काटा म्हणाला, एकसष्ट.

डॉक्टर तरुण होता, हसरा होता आणि बाहेर बाकावर अठरा माणसं बसली होती. "खाणं कमी करा, मावशी," तो म्हणाला.

"केलंय हो."

"काय काय खाता ते लिहून आणा."

तिने लिहून आणलं. बत्तीस पानं. वाटीभर डाळ, उकडलेला दुधी, अर्धं सफरचंद. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी, तेही लिहिलेलं. डॉक्टरने चार पानं उलटली आणि वही परत दिली. "मावशी, वहीत सगळेच कमी खातात. घरी कोण असतं?"

"मी एकटीच."

"तेच तर," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसासाठी घंटी वाजवली.

ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. 'तेच तर' म्हणजे काय? नवरा असता, सासू असती, निदान एखादी भांडकुदळ जाऊ असती, तर तिने छातीठोकपणे सांगितलं असतं की ही बया काही खात नाही, मी बघते ना. मावशीच्या ताटाला साक्षीदार नव्हता. आईवडिलांचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं, मग आईवडीलही गेले. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी. दर रविवारी फोन यायचा, तोही भावजयीचा.

"ताई, एकट्या माणसाचं खाणं कोण बघतं?" भावजय म्हणाली. "येता-जाता तोंडात टाकलेलं लक्षातसुद्धा राहत नाही."

"अगं, मी शपथेवर सांगते..."

"अहो, एवढं चिडता कशाला? खाई त्याला खवखवे!" आणि ती खळखळून हसली.

भावजय वाईट नव्हती. दर रविवारी न चुकता फोन करणारी भावजय शोधून सापडत नाही. पण परक्याने आळ घेतला तर भांडता येतं. आपल्या माणसाने हसत हसत घेतला की भांडायची सोयही राहत नाही. मावशीने "ठेवते गं" म्हणून फोन ठेवला. तिला वजनाचं एवढं वाईट वाटत नव्हतं. आपण खरं बोलतो आहोत हे जगात एकालाही ठाऊक नाही, याचं वाटत होतं.

दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली की माणूस स्वतःवरच पाळत ठेवायला लागतो. मावशीला वाटायला लागलं, आपण झोपेत उठून खात तर नाही? अशी माणसं असतात म्हणे. तिच्या स्वयंपाकाच्या फळीला दार नव्हतं, पडदा होता. ती पडली शिवणारीण. रात्री जेवण झाल्यावर तिने सुईदोरा घेतला आणि पडद्याच्या दोन्ही कडा कच्च्या टाक्याने शिवून टाकल्या. लाल दोरा, बावीस टाके, शेवटची गाठ तिची खास, डाव्या हाताची, जी कारखान्यात दुसऱ्या कोणालाच जमत नसे. सकाळी उठून पाहिलं तर बावीसच्या बावीस टाके जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. चोरही तीच, पहारेकरीही तीच, आणि पंधरा दिवसांत चोरी एकदाही नाही. पहिल्या सकाळी तिला इतका आनंद झाला की कोणाला तरी हाताला धरून आणावं आणि दाखवावं, बघा, असं झालं. जिन्यात शेजारच्या माणसाने कुलूप लावल्याचा आवाज आला. त्याला काय सांगणार? की माझा पडदा उसवला नाही, जरा येऊन बघता का? तिने टाके उसवले, चहा केला, बिनसाखरेचा, आणि मैदानावर गेली.

आता तिला सहा फेऱ्यांना धाप लागत होती. ती चारवर आली आणि चार फेऱ्या केल्या म्हणून स्वतःला आळशी म्हणू लागली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्या कुठल्याही बाईच्या हे आधी लक्षात आलं असतं. साध्या बाईचे कपडे होईनासे झाले की ती आरशासमोर रडते, चार जणींना दाखवते, आरडाओरडा करते. मावशीने तसं काहीच केलं नाही. तिने कंबरेच्या शिलाया उसवल्या आणि आतलं राखून ठेवलेलं कापड सोडलं. ते संपलं तेव्हा बगलेखाली जादा कापडाची कळी घातली, त्याच रंगाची, कोणाला कळणार नाही अशी. बाह्या ढगळ वाटायला लागल्या तर त्या दोन्हीकडून आत घेतल्या. कापड धुऊन धुऊन सैल पडलं असेल, असं म्हणाली. खांदे उतरायला लागले तर तिथं दोन चिमटे. एकतीस वर्षांचा हात तो. ड्रेस असे बसत की डॉक्टरलाही समोर एक नीटनेटकी, जराशी सुटलेली बाई दिसली, दुसरं काही दिसलं नाही. कंबर सोडायची आणि बाही आत घ्यायची, ही दोन्ही कामं एकाच अंगासाठी आपण का करतोय, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नाही. गिऱ्हाइकाचं असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

नवव्या महिन्यात एका बेकरीची ऑर्डर आली. कापडं बेतणारे मास्तर म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात चिडके गृहस्थ. मापात पाप नाही, हे त्यांचं दिवसातून चारदा म्हणायचं वाक्य. बेकरीतल्या एका बाईला ट्रायलला यायला वेळ नव्हता. मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली.

"मावशी, उभ्या राहा जरा. कंबर तुमच्याएवढीच आहे तिची."

काजवालीने फिसकन हसून घेतलं. मावशी उठली. मास्तरांनी तिच्या ड्रेसवरूनच शर्ट चढवला. पोटावर बटणं लागली, बरोबर बसली. पण खांदे दंडावर उतरले आणि बाह्या रिकाम्या पोत्यासारख्या लोंबू लागल्या. मास्तरांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत त्यांनी बाही अशी चुकवली नव्हती.

"बेतण्यातच चुकलं की काय माझं?" ते पुटपुटले. शर्ट उतरवून त्यांनी गळ्यातली टेप काढली. "लिही गं," काजवालीला म्हणाले. "कंबर, साडेअडतीस. सीट, छत्तीस. खांदा, साडेतेरा. दंड..." ते थांबले. टेप सोडली, पुन्हा लावली. "दंड, आठ."

"आठ कसा असेल? अठरा का?" काजवालीने विचारलं.

"आठ म्हणतोय ना!"

दोन वर्षांपूर्वी मालकाने सगळ्यांना सारखे शर्ट दिले होते. मास्तरांनी त्या मापांची वही कपाटातून काढली, बोट फिरवत मावशीच्या ओळीवर आणलं. कंबर अठ्ठावीस. दंड साडेनऊ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मशीनं चालूच होती, पण काजवालीचं थांबलं होतं.

"मावशी," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिडका नव्हता, "खाऊन माणूस सुटतो तो सगळीकडून सुटतो. दंड आधी भरतो. तुम्ही खाऊन नाही वाढलात."

"नाही ना?" मावशी म्हणाली.

"छे! मापच सांगतंय. तुम्ही तर उलट वाळलाय. हे पोट काहीतरी वेगळं आहे. उद्या कामावर येऊ नका, दवाखान्यात जा."

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. काजवालीने धावत जाऊन पाणी आणलं, "मावशी, माझं बोलणं मनावर घेऊ नका हो," असं पाच वेळा म्हणाली. तिला वाटलं मावशी घाबरली. मावशी कुठली घाबरतेय! नऊ महिन्यांनी कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तोही मास्तरांसारख्या माणसाने, जो मालकाच्या शब्दावरसुद्धा विश्वास ठेवत नसे. त्या संध्याकाळी ती जिना चढली ती जवळजवळ गाणं गुणगुणत. मध्ये दोनदा धाप लागून बसावं लागलं, पण ते तिने मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांनी लिहून दिलेला कागद डॉक्टरपुढे ठेवला. दोन वर्षांपूर्वीचं माप आणि कालचं, शेजारी शेजारी. डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. त्याने तिला टेबलावर निजवलं, पोटावर बोटं ठेवून टकटक वाजवून पाहिलं, कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं. घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. बाहेर बाकावर त्या दिवशीही माणसं होती, पण त्याने घंटी वाजवली नाही.

"मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. "हे वजन चरबीचं नाही. पोटात पाणी साठलंय. लिव्हर बघावं लागेल, आणखीही काही बघावं लागेल. मोठ्या दवाखान्यात आजच जा, मी चिठ्ठी देतो."

"म्हणजे मी खात नव्हते."

"नाही, तुम्ही खात नव्हता."

"तेवढं चिठ्ठीत लिहाल का?"

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं आणि खरंच लिहिलं.

मोठ्या दवाखान्यातला व्हरांडा लांब होता आणि पंखे उंच. रक्त घेऊन झालं होतं, पोटाचा फोटो काढून झाला होता. आत बोलावतील तेव्हा जायचं होतं. रविवार नव्हता, तरी मावशीने भावजयीला फोन लावला. आपण होऊन तिने फोन करायची ही वर्षातली पहिलीच वेळ.

"अगं, ऐकलंस का? मी चोरून खात नव्हते!" पलीकडून हॅलो यायच्या आत ती म्हणाली. आवाजात नुसता जिंकल्याचा तोरा. "पाणी आहे म्हणे पोटात. नुसतं पाणी! डॉक्टरने लिहून दिलंय. मास्तरांनी मापावरून ओळखलं. मी सांगत होते की नाही तुला?"

पलीकडे फोन कशावर तरी आपटल्यासारखा आवाज आला.

"ऐकू येतंय ना गं?"

"ताई," भावजय म्हणाली. ती रडत होती. "ताई, माझं तोंड जळो. पाणी कशामुळे झालंय? काय म्हणाले ते?"

"ते अजून बघतायत. लिव्हर म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. सुईने काढणार आहेत वाटतं, आज ठेवून घेतील." मावशी अजून हसतच होती. "तू रडतेस काय? मी काय म्हणत होते ते खरं निघालं की नाही?"

"खरं हो ताई, खरं. आम्ही निघतो, ह्यांना आत्ताच कामावरून बोलावते. पण पोचायला उद्याची सकाळ होईल." भावजयीने नाक ओढलं. "आत्ता तुमच्याजवळ कोण आहे?"

मावशीने बाकाच्या एका बाजूला पाहिलं. तिथं तिची पिशवी होती. दुसऱ्या बाजूला पाहिलं. आतून परिचारिकेने तिला हाक मारली, आणि सोबत कोण आहे त्यांनाही घेऊन या, सही लागेल, असं सांगितलं.

"कोणी नाही," ती फोनमध्ये म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला भीती वाटली.