कडेचे चार हुक

राहनाळच्या काकांच्या पत्र्यावर ते लोखंडी चाक मी ठेवलं होतं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मी पत्र्याची छपरं बांधतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो, वारा छप्पर दाबत नाही, वर ओढतो, आणि सुरुवात कडेपासून करतो. म्हणून पत्रा खालच्या पाइपाला धरून ठेवणारे हुक कडेला जास्त लागतात. काकांच्या पडवीवर नेमके तिथलेच चार कमी पडले. वडपे गावातल्या गोदामाचं काम खोळंबलं होतं, सारखे फोन येत होते. काकांनी कापड विणायचे लूम भंगारात काढले तेव्हा एक चाक आठवण म्हणून ठेवलं होतं. "काका, लूम गेले तरी चाक सुटेना का?" अशी मी त्यांची थट्टाही केलेली. ते ओटीवर झोपले होते. पडवी बुटकी. चाक उचललं आणि वजन म्हणून पत्र्याच्या कडेवर ठेवलं. म्हटलं, उद्या येऊन हुक मारू.

हुक दुसऱ्याच दिवशी घेतले. ते स्कूटरच्या डिकीत राहिले. रोज आठवायचे, रोज मी वडप्याला जायचो.

आठवड्याने भर दुपारी वादळ आलं. काकांची सून पडवीपुढचे कपडे काढत होती. पत्रा उचलला गेला आणि चाक तिच्या उजव्या हातावर आलं.

फोन आला तसा धावलो. सुनेला दवाखान्यात नेलं होतं. मुलगा बापावर ओरडत होता, "लोखंड वर चढवलं कशाला, बाबा? आता घरातल्या कशालाच हात लावू नका!"

काका चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीच ठेवलं आसंल. पत्रा वाजत व्हता ना. आता ध्यानात ऱ्हात न्हाय."

माणूस न केलेली गोष्ट अशी अंगावर घेईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि मी काय केलं? डिकी उघडली, शिडी लावली, पत्रा बसवून चार हुक मारले. शिडी काकांनी धरली होती. "तू तरी लगेच आलास," खालून म्हणाले.

सुनेची तीन बोटं मिटत नाहीत. भाकरी डाव्या हाताने थापते. काका आता घरात स्वतःहून तांब्याही उचलत नाहीत, कुणी पाणी दिलं तर पितात. परवा मला म्हणाले, "माज्या हातानं झालं रं त्ये." मी चहा पीत होतो. तो संपवला आणि निघालो.

ते चाक मी ठेवलं, हे काकांना, मुलासमोर आणि सुनेसमोर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.