भावनाने हिसकावलेला पेला

भावना मेश्राम आमची शेजारीण. नागपूरची, औषधशास्त्र शिकलेली. इथे अमेरिकेत, कॅरी गावात एका औषध कंपनीत नोकरी करते. आवाज असा की कुंपणापलीकडून बोलली तरी आमच्या माजघरात ऐकू यावं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मुलगा आणि सून ऑफिसात. तीन वर्षांचा नातू वीर देव्हाऱ्यापाशी खेळत होता. तिथून धावत आला.

“आजी, धिस शुगर इज कोल्ड!”

त्याच्या तोंडाला कापराचा वास! पाकीट फाटलं म्हणून वड्या मीच खडीसाखरेच्या जुन्या डबीत भरल्या होत्या. आणि रोज पूजेनंतर त्याच डबीतून त्याला साखर मिळत असे!

मी घाईघाईने पेलाभर मीठपाणी केलं. लहानपणी आमच्याकडे कुणी काही गिळलं की हेच करत. पेला वीरच्या ओठांशी नेला, तोच माझा कुकर परत द्यायला भावना आत आली.

“काय पाजता, काकू?”

“कापूर खाल्लाय गं यानं! ओकारी काढते.”

“अजिबात नाही! कापरानं झटके येतात. ओकताना झटका आला तर श्वास अडकेल!”

पेला तिने हिसकावला. निम्मं पाणी माझ्या साडीवर. एका हाताने ९११ लावला, दुसऱ्याने डबी पालथी केली.

“एकूण किती होत्या?”

“चोवीस. काल आरतीला एक लावली.”

तिने भराभर मोजल्या. “एकवीस. म्हणजे दोन. वजन?”

“चौदा किलो.”

सगळं तिने फोनवर सांगितलं. सात मिनिटांत अँब्युलन्स!

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पुढचे काही तास झटका आला नाही तर जिंकलो. वीरच्या छातीवर वायरी, आमचे डोळे मॉनिटरवर. आपल्या गाडीने मागून आलेली भावना काही बसेना.

“आमच्या बुद्धाचं बरं, काकू. मेणबत्ती लावली की झालं.”

“आणि पोरानं मेणबत्ती खाल्ली तर?”

“आता माझी परीक्षा घेता काय?”

आम्ही दोघी हसलो. नजर मात्र मॉनिटरवरच.

झटका आला नाही! रात्री आठला वीरने जेवायला मागितलं आणि डॉक्टरांनी घरी सोडलं. ऑफिसातून थेट तिथे आलेल्या आईबापांबरोबर तो पुढे गेला. मी भावनाच्या गाडीत बसले. तिने किल्ली हातात घेतली, पण ती लागेचना.

“पाच मिनिटं थांबू या, काकू,” ती म्हणाली. एवढ्या हळू बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं. “दोनच होत्या ना? नक्की?”

“दोनच,” मी म्हणाले, आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले.