जोड बराबर होती

"आबा कोर्टात घुसले, दोन्ही पोरींचे हात धरून वर केले आणि रंगात आलेली मॅच बराबरीत सोडवून टाकली. पोरगी जिंकत आल्ती. आबांमुळं हरली."

ही हकिगत माझे चिरंजीव मस्तगडातल्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकांना चहा पाजता पाजता सांगतात. मॅच बराबरीत सुटली आणि पोरगी हरलीही, हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले, असे एकाही गिऱ्हाइकाने आजवर विचारलेले नाही. चहा फुकटचा असला की माणूस शंका काढत नाही. मी मात्र काढणार आहे.

मूळ प्रश्न नातीसाठी स्पर्धा निवडण्याचा होता. नात दहा वर्षांची. तिला टेनिस शिकायला लागून पुरते वर्षही झाले नव्हते, तोच चिरंजिवांनी तिला मोठ्या शहरांतल्या स्पर्धांना न्यायला सुरुवात केली. त्यांची निवडीची रीत सोपी होती: ज्या स्पर्धेचा फलक मोठा, ती स्पर्धा उत्तम. सगळीकडे बाद पद्धत, समोर लहानपणापासून घोटून तयार केलेली मुलगी, आणि आमची नात बापाचा चहा निवायच्या आत मैदानाबाहेर. यातून मिळते काय, असे मी तिच्या सरांना विचारले. ते म्हणाले, एक्सपोजर मिळते. पहाटे उठून जिल्हा ओलांडायचा, हरायचे आणि वडापाव खाऊन परत यायचे, याला तो शब्द आहे असे मला कळले. असे तीनदा झाल्यावर नात म्हणाली, की रॅकेट आता कुणाला तरी देऊन टाका. घरात सगळ्यांनी ते मान्य केले. मी केले नाही.

आष्टीकडच्या जत्रांमध्ये मी उमेदीची वर्षे कुस्त्यांच्या जोड्या लावल्या आहेत. लहान पोरांची पहिली कुस्ती आमच्याकडे रेवड्यांवर लावतात. बक्षीस मूठभर रेवड्यांचे, पण जोड अशी बसवायची, की हरणाऱ्यालाही आपण थोडक्यात राहिलो असे वाटावे. तो पोरगा पुढच्या जत्रेला न बोलावता लंगोट घेऊन हजर होतो. कोवळ्या पोराला नामी पहिलवानापुढे उभे करणाऱ्या माणसाला मात्र दुसऱ्या वर्षी कोणी मानाचा फेटा बांधत नाही.

पुढची स्पर्धा मी निवडणार, असे मी जाहीर केले.

"आबा, तुम्हाला टेनिसातलं काय कळतं?" चिरंजीव म्हणाले.

"टेनिसातलं न्हाई कळत. जोड कळते."

मी एका तालुक्याच्या गावातली स्पर्धा शोधून काढली. मंगल कार्यालयामागे एकच कोर्ट, मुली सगळ्या नवशिक्या, आणि मुख्य म्हणजे साखळी पद्धत: हरले तरी गटातल्या प्रत्येकीशी खेळायला मिळते. नियम मी चिरंजिवांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. पण पहिल्याच ओळीत बक्षीस म्हणून पाण्याची बाटली आहे हे ऐकल्यावर त्यांनी पुढचे कान देऊन ऐकले नाही. सूनबाईंचा निराळाच आक्षेप आहे. मी सामन्याआधी प्रतिस्पर्धी मुलीच्या वडिलांना, तुमची लेक दूध किती पिते, असे विचारले. त्यावर ते गृहस्थ लेकीला घेऊन दुसऱ्या सावलीत जाऊन बसले, आणि यात घराची शोभा झाली, असे सूनबाईंचे म्हणणे. समोरच्या जोडीची चौकशी न करता कुस्ती लावणे याला मी शोभा म्हणतो.

माझी चौकशी वाया गेली नाही. सामना असा रंगला, की चेंडू जाळीवरून इकडचा तिकडे जातच राहिला. गुण पुन्हा पुन्हा समसमान. शेवटी दोघी लालबुंद झाल्या आणि आमच्या नातीची हनुवटी थरथरू लागली. आमच्या मैदानात अशा वेळी पंच दोघांचे हात वर करून कुस्ती सोडवतो, आणि त्यात कुणाचीही नामुष्की नसते. मी जाळीच्या दाराशी गेलो. दार उघडे होते. मी उंबऱ्यावरच उभा होतो. उजवा पाय आत होता असे सूनबाई म्हणतात, पण पाय आत असणे आणि माणूस आत असणे यांत फरक आहे. तिथून मी पंच असलेल्या ताईंना शांतपणे म्हणालो, "ताई, जोड बराबर हाय. सोडवा आता."

"आजोबा, टेनिसमध्ये बरोबरी नसते."

"मंग पोरींनी रात्रीपर्यंत खेळायचं का?"

यावर दोन्ही मुली खळखळून हसल्या. वर झाले होते ते माझेच दोन हात, सोडवण्याची खूण करताना. कुणाचाही हात मी धरला नाही. खेळ पुन्हा सुरू झाला आणि आमची नात अगदी थोडक्यात हरली. ते मी कधीही नाकारलेले नाही.

पायाचा वाद सूनबाईंनी खुशाल चालू ठेवावा. माझी निवड बराबर होती की चूक, याचा निकाल एकाच गोष्टीने लागतो. सामना संपताच चिरंजिवांनी सवयीप्रमाणे नातीची बॅग खांद्याला अडकवली आणि ते गाडीकडे चालू लागले. नातीने बाहीने तोंड पुसले आणि त्यांना मागून हाक मारली, "पप्पा, बॅग ठेवा खाली. माझ्या अजून दोन मॅच राह्यल्यात."