शेवटच्या ओळीतलं नाव

तुमच्या आईचा आवाज तुम्ही कुठं ठेवलाय? फोटोचं नाही विचारत. फोटो प्रत्येकाच्या भिंतीवर असतो. आवाज कुठाय? फोनमध्ये? तो फोन उद्या फुटला तर? नेटवर? मग नेटवर म्हणजे नेमकं कुणाच्या घरात, हे कधी विचारलंत?

संघपालनं विचारलं नव्हतं. आणि संघपाल काही भोळा माणूस नाही. हैदराबादच्या कुकटपल्लीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो बावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. त्याच्या खिडकीतून एक नट चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही. मॅनेजर स्वतः आला तरी हा म्हणतो, "साब, चिठ्ठी लाओ. चिठ्ठी नै तो माल नै." सगळा कारखाना त्याच्यावर चिडतो, आणि तपासणी आली की सगळा कारखाना त्याच्याच मागं लपतो.

त्याची आई मालनबाई. देगलूरकडची पोर, लग्न होऊन हैदराबादला आली, एका शाळेत आया म्हणून राबली आणि चाळीस वर्षं गायली. जयंतीला गायली, नामकरणाला गायली, कुणाच्या घरी माणूस गेलं तर पुण्यानुमोदनाला गायली. गाणी स्वतःची, भाकरी थापता थापता रचलेली. कागदावर एक ओळ नाही. पण प्रत्येक गाण्याच्या शेवटी नाव यायचं ते तिचं नव्हे, अंबाजीचं.

हे नीट समजून घ्या, सगळा घोळ इथंच आहे. आपल्याकडं गाणं रचणारा शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो. ती त्याची सही. अंबाजी हा कुकटपल्लीच्या गायन पार्टीचा म्होरक्या. शहाऐंशी सालच्या जयंतीला मालनबाई पहिल्यांदा स्टेजवर चढली तेव्हा मागून पुरुष ओरडले, "ए, बाईला खाली बसवा!" अंबाजीनं पेटी मिटली, माईक उचलून तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "ही बसली तर मीपण बसलो. मग ऐका भोंग्यावर मंडपवाल्याची जाहिरात." ती गायली. तेव्हापासून तिच्या शेवटच्या ओळीत अंबाजी आला तो आलाच. तो स्वतः हसायचा, "मालन, गाणं तू करतेस आणि बारसं माझं?" ती म्हणायची, "दादा, माईक कुणी दिला?"

दोन हजार चारला अंबाजी वारला. गाण्यातलं नाव थांबलं नाही.

लॉकडाउनमध्ये कारखाना बंद पडला तेव्हा संघपालनं आईला खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला, फोन डब्यावर टेकवला आणि रेकॉर्ड करत सुटला. व्हिडिओ कापायचा कसा, आवाज साफ करायचा कसा, चॅनल उघडायचं कसं, सगळं बघून बघून शिकला. पुढची दोन वर्षं हेच. दोनशे बारा गाणी चढवली. प्रत्येक गाणं चढवताना साइट विचारायची, गीतकार कोण? त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, "शेवटी नाव येतं तेच लिही की. मला काय विचारतोस?" त्यानं तेच लिहिलं. दोनशे बारा वेळा, स्वतःच्या अंगठ्यानं: गीतकार, अंबाजी. मग फोन भरला म्हणून फोनमधली गाणी पुसून टाकली. नेटवर गेलं म्हणजे सेफ!

चिठ्ठीशिवाय नट न देणाऱ्या माणसानं आईचा आवाज असा देऊन टाकला. पावती न घेता.

पुढं मालनबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाजाची नुसती हवा उरली. जवळ कान नेला तर शब्द कळतात, सूर नाही. घरात गाणं उरलं ते त्या चॅनलवर.

गेल्या महिन्यात संघपालच्या मुलीनं, निशिगंधानं, फोन आणून त्याच्यापुढं धरला. "पप्पा, चॅनल लॉक झालंय. तीन गाण्यांवर क्लेम आलाय."

"कुणाचा?"

"कोणती तरी म्यूझिक कंपनी. अंबाजी यांच्या सगळ्या गाण्यांचे हक्क आमच्याकडे, म्हणतात. आपण काही नाही केलं तर पूर्ण चॅनल डिलीट."

"काढून घे ना मग गाणी, सगळी उतरव!"

"नै होत ना पप्पा. क्लेम असेपर्यंत डाउनलोडपण बंद."

हक्क दिले होते अंबाजीच्या पुतण्यानं, नांदेडच्या विजयनं. संघपालनं त्याला फोन लावला तेव्हा तो हॉटेलात चहा पीत होता, मागं कपबश्या वाजत होत्या.

"संघपालदादा, जय भीम. रागावू नका. कंपनीवाले म्हणाले, काकाची गाणी द्या. ज्यात काकाचं नाव ती काकाची. खोटं बोललो का? मीच गायलो ती, एकोणीसला अल्बमपण निघाला."

"अरे, तुझा काका चारला गेला. गाण्यात मेट्रो आहे! मेट्रो सतराला आली. काका काय वरून बघून गाणं करत होता काय रे?"

ते गाणं असं आहे:

वरून मेट्रो धावं गं, लेक बसली खिडकीला
भीमरायानं सही केली तिच्या पहिल्या तिकिटाला
अंबाजी सांगे बाई, कुणी उठवंना तिला

"ते मला काय माहीत," विजय म्हणाला. "मालनआत्यानं अठराच्या जयंतीला गायलं, मी ऐकलं, मी उचललं. तिनंच तर सांगितलं, गा म्हणून. आणि दादा, तुमच्याच चॅनलवर लिहिलंय ना, गीतकार अंबाजी? मी कंपनीला तेच दाखवलं."

संघपालनं फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्याला जी चिठ्ठी मागितली ती आता समोरच्याच्या हातात होती, आणि अक्षर याचं स्वतःचं होतं.

त्यानं साइटला मेट्रोचं लिहून कळवलं. तारखांसकट, चांगलं दीड पान. चार मिनिटांत उत्तर आलं: आम्ही काळजीपूर्वक तपासलं, दावा योग्य आहे. चार मिनिटांत चहा उकळत नाही हो! कुणी वाचलं? कुठं बसतो तो वाचणारा? फोन नंबर नाही, खिडकी नाही, समोर उभं राहून शिवी द्यायला माणूस नाही. संघपालनं भिंतीवर मूठ आपटली, शेजारच्या पद्मावतीअम्मा धावत आल्या, "एमैंदी, एमैंदी?" काय झालं म्हणून विचारू लागल्या. काय सांगणार त्यांना?

शेवटचं एक अपील उरलं होतं. निशिगंधानं फॉर्म उघडला. दोन रस्ते होते. पहिला रस्ता सोपा: एका चौकोनात टिक करायची. तिनं अडखळत वाचलं, "नमूद... व्यक्ती, या रचनेची गीतकार नाही." म्हणजे अंबाजी गीतकार नाही. खाली मालनबाईची सही.

संघपाल आईच्या खुर्चीजवळ बसला. "आई, एवढी सही कर. चूक मी केली, मी नाव लिहिलं. तू फक्त सांग, ही गाणी अंबाजीमामाची नाहीत."

मालनबाईनं मान हलवली. "नाही."

"अगं पण खरंच नाहीत ना त्याची!"

"मी दिली त्याला." तिला प्रत्येक शब्दाला दम घ्यावा लागत होता. "मेल्यावर काढून घेऊ? चोर म्हणतील त्याला."

"त्याला कुणी काही म्हणणार नाही. तुझा आवाज जाईल, आई."

"गेलाच आहे."

"आमचा जाईल!" तो ओरडला. "हिनं काय ऐकायचं? हिच्या पोरांनी?"

मालनबाईनं नातीला जवळ ओढलं. "लिही. गाणं माझं. नाव मी दिलं. दोन्ही खरं."

"आजी, असं लिहायला जागाच नाही गं. टिक नाही मारली तर बटन चालू होत नाही."

"मग तुमचं मशीन अडाणी," मालनबाई म्हणाली, आणि डोळे मिटून बसली. जिनं शहाऐंशी साली मंडपाला नमवलं ती एका चौकोनाला भीक घालणार होती होय? संघपालला आईचा राग आला, आणि त्याच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. त्यानं ना राग काढला, ना डोकं ठेवलं. टिकही केली नाही.

दुसरा रस्ता असा: कंपनीच्या अल्बमच्या आधीचं, तारखेसकट, मालनबाईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग दाखवा. अंबाजीबद्दल एक अक्षर लिहावं लागत नाही. जुनं रेकॉर्डिंग मान्य झालं की दावा पडतो, चॅनल उघडतं.

अठराच्या जयंतीला कुकटपल्लीच्या मैदानात मालनबाई ही तिन्ही गाणी गायली तेव्हा शेदोनशे फोन वर होते. संघपाल रजा टाकून घरोघर फिरतोय. सिकंदराबादच्या ज्योतीताई म्हणाल्या, होतं रे, फोन बदलला. कुणी म्हणालं, मेमरी फुल झाली. एकानं आनंदानं व्हॉट्सॅपवर क्लिप पाठवली, आणि फाइलवर तारीख आली पाठवल्या दिवसाची. पुढं ढकललेल्या क्लिपला जन्मतारीख राहत नाही. ती साइटनं नाकारली. आता अपिलाला एकोणीस दिवस उरलेत.

तर तुम्ही. होय, तुम्हालाच म्हणतोय. त्या वर्षी त्या मैदानात तुम्ही असाल, तुमचा भाऊ असेल, तुमची वहिनी पहिल्या रांगेत नाचली असेल. कपाटातला तो जुना, काच तडकलेला फोन बाहेर काढा आणि आज, आत्ता, चार्जिंगला लावा. मालनबाई सापडली तर क्लिप कापू नका, पुढं पाठवू नका. तो फोन तसाच उचला आणि कुकटपल्लीच्या विहारात संघपालच्या हातात आणून द्या.