घाटापर्यंत मीच पुढं होतो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागल्यावर मध्येच कोणी खी खी केलं, तर चहा अर्धा ठेवून उठून जाईन. मी म्हातारा झालो, माझा राग अजून झाला नाही.

चुका सगळेच करतात. मीही केल्या. पण ढोल वाजवत, वीस माणसं सोबत घेऊन, आपली चूक आपणच सासऱ्याच्या दारात नेऊन उभी करणारा दुसरा कोणी असेल, तर दाखवा मला. पाया पडतो त्याच्या!

इंग्रज जाऊन पाच-सात वर्षं झाली असतील. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे. मी ढिवर माणूस. नागभीडच्या अलीकडं आमचं गाव. तळ्यातले मासे काढायचे अन् बाजारात विकायचे, हा धंदा. बापानं मरताना तळ्यात वल्हवायचा एक डोंगा अन् एक मोठं जाळं मागं ठेवलं. मी काय केलं? दोन्ही विकलं अन् जुनी सायकल घेतली! तळ्यात बसून मासे धरण्यापेक्षा दुसऱ्यानं धरलेले मासे टोपलीत घालून अस्वलघाटाच्या पल्याड नेऊन विकायचे, ही माझी अक्कल.

माझा सासरा घाटाच्या त्या अंगाला राहायचा. तोही ढिवर. ऐकलं अन् पेटला.

"ढिवराच्या पोट्ट्यानं डोंगा इकून चाकं घेतली! उद्या बायको इकून भोंगा घेईल!"

सणाला माहेरी गेलेली माझी बायको पारबता त्यानं ठेवूनच घेतली. चार महिने झाले. मी हातानं भात करून खात होतो. खात होतो म्हणजे काय, खालचा करपलेला अन् वरचा कच्चा, मधला तेवढा खात होतो.

अशात नागपूरच्या एका सायकलवाल्या शेठनं शर्यत लावली. नागभीडच्या स्टेशनापासून निघायचं, अस्वलघाट चढून पल्याड उतरायचं, अन् शर्यत संपणार कुठं? माझ्या सासुरवाडीत, शाळेपुढच्या मैदानात! पहिल्याला कोरी करकरीत सायकल.

मी गेलो सासऱ्याकडं. म्हणलं, "मामाजी, पारबताले आता पाठवा."

"पाठवतो ना," सासरा म्हणाला. "तुया चाकाची लय मिजास हाय ना? शर्यतीत पहिला ये माह्या गावात. साऱ्यासमोर पोरगी तुया हवाली करतो. नाई आला, तं डोंगा परत आणल्याबिगर तोंड दाखवू नको."

झालं! आता सांगा, मी का त्या सायकलीसाठी धावलो? मला माझी भाकर भाजणारी परत पाहिजे होती.

शर्यतीच्या दिवशी स्टेशनापुढं जत्राच. आम्ही सात जण. सहा इकडचेच, अन् सातवा नागपूरचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. पायाच्या पोटऱ्या पाहा तर रताळ्यासारख्या. सायकलीला ना मडगार्ड, ना स्टँड, ना घंटी. मला वाटलं, गरीब असेल, विकून खाल्लं असेल.

शेठ म्हणाला, "हा शर्यतीवरच पोट भरतो. गावोगावचे घाट चढतो अन् इनाम घेतो."

मी म्हणलं, "त्यात काय एवढं? मी बी सायकल चालवूनच पोट भरतो. वर मासे बी नेतो."

उस्ताद हसला. मग हळूच माझ्याजवळ आला. रस्ता माझ्या पायाखालचा, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"भाऊ, घाटापर्यंत रस्ता कसा हाय?"

"सपाट. दोन्ही अंगाले धानाच्या बांध्या. पण मंग जंगल लागते, अन् परवाच घाटात वाघानं म्हशीतला हल्या मारला," मी सांगितलं.

त्याचं तोंड एकदम गंभीर झालं. बोट ओलं करून वर धरलं. म्हणाला, "वारा कोणत्या अंगानं हाय?"

आता तुम्हीच सांगा. जंगलात वाघाचं नाव काढल्यावर माणूस वारा कोणत्या अंगानं आहे हे कशासाठी विचारतो? आपला वास वाघाला जातो की नाही, यासाठी! आमच्याकडं लेकराला विचारा, तेही हेच सांगेल. मी मनात म्हणलं, अरे बाप्पा, पोटऱ्या एवढ्या अन् काळीज चिमणीचं!

"भेऊ नको," मी म्हणलं. "वारा समोरून हाय, घाटाकडून. आपला वास त्याले जात नाई."

"समोरून? जोरात हाय?"

"हव, चांगला जोरात."

"मंग भाऊ, तू समोर राह्य. मी तुया मांगंच राहतो. काही झालं तं थांबू नको."

मला एवढी दया आली! पाहुणा माणूस. आमच्या मुलखात येऊन भेला. म्हणलं, "चाल, मी हाओ ना!"

शिट्टी वाजली अन् निघालो. वारा असा, की डोळ्यात पाणी. पण टोपलीभर मासे घेऊन रोज चढणारे पाय माझे, आज कॅरिअर रिकामा! मी तर उडालो. बाकीचे पाच जण मैलभरातच मागं पडले. अन् उस्ताद? माझ्या मागच्या चाकाला असा चिकटला, जसं लेकरू मायच्या लुगड्याला.

जंगल लागलं. आमच्याकडं म्हणतात, रांगेनं चालणाऱ्यात वाघ मागच्याला धरतो. आता हे त्याला सांगावं कसं? भेलेल्याला आणखी भेवडवायचं? मी म्हणलं, आपणच मागं राहावं, पाहुण्याला पुढं घालावं. म्हणून मी हळू होऊन डावीकडं झालो. तोही डावीकडं! मी उजवीकडं झालो. तोही उजवीकडं!

"उस्ताद, तू पुढं हो ना."

"नाई नाई! तू समोरच राह्य, भाऊ! हलू नको, सरळ चाल!"

काय ते भेव! माझं तर मन भरून आलं. त्याला धीर यावा म्हणून मी मोठ्यानं गाणं धरलं.

"गाऊ नको बाप्पा," तो मागून ओरडला, "दम राखून ठेव!"

मी समजलो. आवाजानं वाघ येईल, असं त्याला वाटत असेल. गप्प झालो.

"अजून जोरात, भाऊ! शाबास! अजून जोरात!"

लवकर जंगलातून बाहेर काढ म्हणतो बिचारा! मी मान खाली घातली अन् असा सायकल मारत सुटलो, की छाती फुटायची बाकी राहिली. तोंडाला फेस आला, पायात गोळे आले. पण पाहुण्याला घाटाच्या पायथ्याशी सुखरूप आणून पोचवलंच!

तिथं वाघोबाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला दगड अन् पुढं फांद्यांचा ढीग. घाटात शिरणारा कोणीही असो, बंडीवाला असो की तहसीलदार, तिथं उतरतो, एक फांदी वाहतो, हात जोडतो अन् मग पुढं जातो. मी रोज तेच करायचो. तिथून वर सायकल ढकलतच न्यायची. घाट सायकलवर बसून चढतात, हे कोणाच्या बापानं ऐकलं होतं?

मी उतरलो. दोन फांद्या तोडल्या. एक माझी, एक उस्तादची. वळून म्हणलं, "घे उस्ताद, वाहा. मंग काही होत नाई."

उस्ताद माझ्या बाजूनं सर्रकन गेला! "मेहरबानी, भाऊ!" एवढंच म्हणाला. बूड उचललं, पायडलवर उभा राहिला अन् पहिल्या वळणावर दिसेनासा झाला.

मी फांद्या घेऊन तसाच उभा. म्हणलं, गेला! भेवानं याचं डोकं फिरलं! बैल बुजला की बंडी घेऊन खाईकडंच पळतो, तसा हा वाघाच्या तोंडाकडंच पळाला. वाघोबाला हातही जोडला नाही अन् एकटाच घाटात घुसला!

खरं सांगतो, शर्यत आठवली मला. पारबता आठवली. करपलेला भातही आठवला. पण पाहुण्याला वाघानं खाल्लं अन् जावई पहिला आला, हे सासऱ्याला तरी कसं सांगणार?

घाटाच्या बुडाशी एक गोंडांचा टोला आहे, म्हणजे छोटी वस्ती. तिथला लालसू माझ्या ओळखीचा. सायकल ठाण्यापाशीच टाकून मी ओरडत गेलो.

"लालसू, चाल! पाहुणा एकटाच घाटात घुसला!"

"कोणता पाहुणा?"

"नागपूरचा. वाघाले लय भेते."

"भेते तं घाटात काऊन गेला?"

"भेवानंच गेला!"

"हे पहिल्यांदाच आयकून राह्यलो," लालसू म्हणाला. पण माणूस सोन्याचा. ढोल गळ्यात अडकवला अन् हाक दिली. वीस माणसं निघाली. कुऱ्हाडी, टिनाचे डबे, दोन ढोल. हाका घालत आम्ही घाटाला लागलो.

तेवढ्यात मागून शर्यतीचे बाकीचे पाच जण आले. कुऱ्हाडी पाहून थबकले.

"काय झालं गा?"

"वाघ!" मी म्हणलं.

पाचही जण जागच्या जागी फिरले. नागभीडकडं जाताना जो वेग घेतला, तो येताना घेतला असता तर त्यातलाच कोणी पहिला आला असता.

पहिल्या वळणावर उस्तादची टोपी सापडली. मी रस्त्यातच बसलो. म्हणलं, "एवढंच उरलं गा त्याचं!"

लालसूनं टोपी हुंगली. "रक्त नाई. घामाचा वास हाय."

पुढं धुळीत चाकाचा माग दिसला. सरळ वर गेलेला. लालसू म्हणाला, "वाघ काही सायकल चालवत नाई."

"ओढत नेली असल!"

तिसऱ्या वळणावर केळ्याची साल पडली होती. ती लालसूनं उचलली अन् माझ्या नाकापुढं धरली.

"का गा, भेलेला माणूस केळं खाते?"

मी म्हणलं, "ढोल वाजव."

घाट चढलो, घाट उतरलो. ढोल वाजवतच सासुरवाडीत शिरलो, कारण थांबवायला कोणी सांगितलंच नाही. मैदानात ही गर्दी! मध्ये खुर्चीवर उस्ताद, गळ्यात हार, हातात ताकाचा लोटा. आम्हाला पाहून लोकांनी टाळ्या सुरू केल्या. त्यांना वाटलं, जिंकणाऱ्याची मिरवणूक आली!

उस्ताद उठला अन् त्यानं मला मिठी मारली. "वा भाऊ! बाजा बी तूच आणला!" मग मोटारीनं आधीच येऊन बसलेल्या शेठकडं वळून म्हणाला, "माझ्यापेक्षा याचं इनाम मोठं पायजे, शेठ. घाटापर्यंत सारा वारा यानं एकट्यानं खाल्ला. मी नुसता याच्या पाठीमांगं लपून आलो. पाय तसेच ताजे राह्यले, ते घाटात कामी आले."

मी म्हणलं, "लपला होता? वाघाले भेऊन ना?"

"कोणता वाघ?" उस्ताद म्हणाला. "मी तं वाऱ्याले भेत होतो."

लोक हसले. असे हसले, की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. वाऱ्यात जाळं वाळवतात, धान उफणतात, हे मला ठाऊक. वाऱ्यापासून माणूस माणसाच्या मागं लपतो अन् त्यावर पोट भरतो, हे कोण शिकवणार? आमच्या शाळेत तर मास्तरच महिन्यातून दोनदा यायचा!

बाकीचे पळालेले. म्हणून शेठनं दुसरा नंबर माझा लावला अन् इनाम म्हणून हातात दिलं काय? हवा भरायचा पंप! तो काखेत धरून मी उभा, अन् समोर सासरा. त्याच्या मागं पारबता. तोंडात पदर कोंबलेला, पण खांदे हलत होते.

"पहिला आला का, जवाईबापू?"

"नाई मामाजी. दुसरा."

"सायकलवर?"

"पायी."

"अन् हे ढोल?"

मग मी सगळं सांगितलं. वारा, वाघ, फांद्या, टोपी, केळ्याची साल. सासरा ऐकत होता. एकदाही हसला नाही. चिलीम विझली तरी ओढत राहिला. मी मनात म्हणलं, गेली पारबता. आता डोंगा आणा, जाळं आणा, जन्मभर कच्चा भात खा.

सासऱ्यानं चिलीम झटकली.

"पारबते, गाठोडं बांध."

"काऊन बाबा? पहिले तं नाई आले ना?"

"शहाणा असता तं ठेवून घेतली असती तुले," सासरा म्हणाला. "पण येवढा येडा माणूस घाटाच्या त्या अंगाले एकटा कसा ठेवू वं? कोणीबी येईल, याच्या मांगं लपून इनाम नेईल, अन् हा वरतून त्याच्यासाठी बाजा नेईल. जा बाई. सांभाळ त्याले."

लोक म्हणतात, सासऱ्यानं जावयाला माफ केलं. माफ कुठलं! माझ्यावर राखण नेमली. ती राखण अजून चालू आहे. आत्ताच पाहा, तुम्हाला हे सांगून राहिलो अन् चुलीपासून आवाज आला.

"किती झूट सांगाल वो लोकायले? दुसरा तं लालसू आला होता, ढोल घेऊन. तुमी तिसरे."