बिल्ल्याशिवाय चिंतामणराव

आमचं वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, राज्य इंग्रजाचं आणि हुकूम नागपूरचा. एका घरात तीन सासवा म्हटल्यावर सुनेनं ऐकायचं तरी कुणाचं? गाडीवानांनी सोपा तोडगा काढला होता: कुणाचंच ऐकायचं नाही.

अशा मुलखात चिंतामणरावांना कायदा राखायला बसवलं. मलकापूरच्या वाटेवरच्या एका छोट्या कापूसबाजाराच्या फाटकावर, गाड्या ओळीनं आत सोडायला. देह काडीचा, आवाज पूजेतल्या घंटीचा. पण छातीवर पितळी बिल्ला! शरयूबाई तो रोज चिंचेनं घासून नवऱ्याच्या कोटाला लावून देत. उमेदवारीत जोडे झिजवल्यावर मिळालेली ही पहिली पक्की नोकरी.

नियम एकच. जो आधी येईल, तो आधी आत. पहिल्याच बाजारी बाजार कमिटीचे सभासद नारायणराव यांच्या गाड्या मागून आल्या. नोकरी त्यांनीच लावून दिलेली. चिंतामणरावांनी अदबीनं फाटक उघडलं. झालं! त्यानंतर "ओळीत या हो" म्हटलं की गाडीवान हसायचे, आणि चाकात चाक अडकायचं. पिकल्या दाढीचा फकीर मोहम्मद तर तोंडावर म्हणाला,

"बाबूजी, तुमचा कायदा आमच्या बैलाइले सांगा. ते मान तरी हालवतात."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, चाचा."

"मंग नारायणरावाच्या बैलाइले शिंगं जास्ती हायेत का?"

कमिटीनं बजावलं, पुढच्या बाजारी गोंधळ झाला तर नोकरी गेली.

बिल्ला घासता घासता शरयूबाई म्हणाल्या, "चमकतो छान. पण याला भितं कोण? मी तर नाही बाई!"

पुढच्या बाजारी नारायणरावांच्या गाड्या पुन्हा बगलेनं घुसल्या. चिंतामणराव फाटकात आडवे उभे राहिले. काडीसारखे दोन्ही हात पसरले. 

"मागं. शेवटच्या गाडीच्या मागं."

नारायणराव तणतणत आले. "माझ्यामुळं नोकरीला लागलास अन् माझ्याच गाड्या अडवतोस?"

"आपल्या अडवल्या नाहीत तर बाकीच्या कशा थांबतील, साहेब?"

नारायणरावांनी बिल्ला हिसकला. कोटही फाटला. "जा घरी! अन् तुम्ही काय पाहून राह्यले बे? हाकला गाड्या!"

फकीर मोहम्मदनं शांतपणे बैल सोडले आणि जू जमिनीला टेकवलं. मागच्यानं टेकवलं. त्याच्या मागच्यानंही. जू टेकलं म्हणजे गाडीवान बसला. मग लाटसाहेब आला तरी उठत नाही. आत दलाल ताटकळलेले, आणि समोर कापसाचं बोंडही नाही.

"हाकला म्हनतो ना!"

"हाकतो ना मालक," फकीर मोहम्मद म्हणाला, "पन नंबर बाबूजी बोलतीन. हो बाबूजी, आता कोनाचा?"

घराकडे निघालेले चिंतामणराव वळले. बिल्ल्याच्या जागी कोटाला भोक होतं.

"तुमचाच, चाचा."

जू उचललं गेलं, फकीर मोहम्मदच्या बैलानं मान हलवली आणि पाऊल टाकलं. मग एकामागून एक गाड्या अशा आत गेल्या, जशी लग्नाच्या पंगतीत ओळीनं वाढणी व्हावी. नारायणरावांचा गाडीवान मालकाकडे न बघता सर्वांत मागं जाऊन उभा राहिला. संध्याकाळी नारायणराव स्वतः बिल्ला घेऊन आले. "घ्या, चिंतामणराव. पुढच्या बाजारीही तुम्हीच बसा." सकाळचा 'तू' कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

पुढं कैक हंगाम ते फाटकावर बसले, बिल्ल्याशिवायच. बिल्ला शरयूबाईंनी पोळ्याच्या दिवशी फकीर मोहम्मदच्या बैलाच्या गळ्यात बांधला. सगळ्यांत आधी मान त्यानंच हलवली होती ना!